टाकीत पाणी किती?

बोटीची पाण्याची टाकी भरत आली की आवाज बदलतो. सुरुवातीला रिकाम्या टाकीच्या तळावर पडणारे पाणी घुमते, अर्ध्यावर तो आवाज जड आणि भरीव होतो, आणि शेवटच्या वीतभर उंचीत तो बारीक होत भराभर वर चढतो, हंडा भरताना चढतो तसाच. आमच्या टाकीत सुमारे 500 लिटर पाणी मावते. तिचा काटा दोन वर्षांपासून बंद आहे आणि तो दुरुस्त करून घ्यावा असे आम्हां दोघांनाही वाटलेले नाही. भरताना कानाने कळते, आणि वापरत असताना झाकण उघडून आत लाकडी पट्टी घातली की ओल कुठवर आली ते दिसते.

पाण्याचा असा हिशेब मला नवा नव्हता. मी बारामती तालुक्यातली, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. कालवा म्हणजे उसाला पाणी देणारा, हाच त्या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ. 1885 सालच्या त्या कालव्याला आवर्तन सुटले की कुणाची पाळी कधी हे पाटकरी सांगून जाई, आणि पाळी बहुतेक वेळा रात्रीचीच येई. आबा, म्हणजे माझे वडील, खांद्यावर खोरे आणि हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जात. एका वाफ्यात पाणी बसले की दार मोडून ते पुढच्या वाफ्यात घ्यायचे. अंधारात वाफा भरला की नाही हे ते पाण्याच्या आवाजावरून ओळखत. त्याच आबांची मुलगी सहा वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका कालव्यावर, बोटीत राहायला गेली. फोनवर ही बातमी ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नव्हते.

आम्ही मिल्टन कीन्सला भाड्याच्या घरात होतो. लंडन आणि बर्मिंगहॅम यांना जोडणारा 137 मैलांचा ग्रँड युनियन कालवा त्या शहरातून जातो, आणि संध्याकाळी त्याच्या काठावरून चालताना बोटींच्या खिडक्यांतून दिसणारे उजेड, धुराडी आणि छपरावर रचलेली लाकडे पाहून आधी माझ्या नवऱ्याच्या आणि मग माझ्या मनात हा विचार शिरला. भाडे वर्षागणिक वाढत होते हे एक कारण होतेच. दुसरे कारण सांगायला अवघड आहे. त्या घरात मला काहीच करावे लागत नव्हते. भिंतीतून पाणी येई, भिंतीतून ऊब येई, आणि मोरीतून सांडपाणी कुठे जाई याचा पत्ताही नसे. महिनोन् महिने मी एका जागी राहत होते, पण ती जागा मला कळलेली नव्हती.

बोट 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद. लांबी पुष्कळशी मालकाच्या मर्जीवर असते. रुंदी मात्र अठराव्या शतकात ठरून गेली आहे. ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेणारा कालवा 1761 मध्ये सुरू झाला, आणि तो आखण्यात मोठा वाटा असलेल्या जेम्स ब्रिंडली यांच्याकडे पुढे ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडण्याचे काम आले. तिथे त्यांनी लॉक सुमारे 7 फूट रुंदीचे ठेवले. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: दोन्हीकडे दारे असलेला एक चिरेबंदी हौद, ज्यात पाणी भरून बोट वर चढवायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची. हौद अरुंद असला की बांधकामाचा खर्च वाचतो आणि प्रत्येक खेपेला पाणीही कमी लागते. त्या हिशेबाचे ओझे आजही आमच्या स्वयंपाकघरावर आहे, कारण समोरासमोर आलेली दोन माणसे एकाने अंग चोरल्याशिवाय एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत. भांडण झाले तर रुसून जायला दुसरी खोली नाही. पहिल्या वर्षी आमची भांडणे जास्त झाली आणि पुढे ती कमी झाली, ही दोन्ही विधाने खरी आहेत.

बोट बांधायला आमची स्वतःची जागा नाही. 1995 च्या कायद्यानुसार अशा बोटीने खरोखर प्रवास करत राहिले पाहिजे, आणि काही अडचण नसेल तर एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून जास्त मुक्काम करता येत नाही. वर्षभरात आम्ही दक्षिणेला लेटन बझर्डपासून उत्तरेला ब्राउन्स्टनपर्यंत जाऊन येतो. दर दोन आठवड्यांनी नवे गाव, नवा पूल, खिडकीत नवे झाड. कागदावर हे वाचायला फार सुंदर वाटते. प्रत्यक्षात मुक्काम हलवायचा म्हणजे एक शनिवार जातो, लॉक असले तर रविवारही जातो, आणि बोट पुढे गेली तरी मोटार मागेच राहिलेली असते, म्हणून संध्याकाळी सायकल काढून काठाच्या वाटेने पुन्हा मागे जावे लागते. टपाल एका मैत्रिणीच्या पत्त्यावर येते. बँकेपासून विम्यापर्यंत प्रत्येक अर्जात कायमच्या पत्त्याचा रकाना असतो आणि प्रत्येक वेळी तीच कथा नव्याने सांगावी लागते. पत्ता नसलेल्या माणसाकडे खिडकीपलीकडचा कारकून कसा पाहतो हे मला इथे कळले, आणि आमच्या उसाच्या फडावर कोपी घालून राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांना शाळेत दाखल करताना काय होत असेल याचा विचार मी पहिल्यांदाच केला. त्यांच्या आणि माझ्या अडचणीची तुलना होऊ शकत नाही. मी निवडून इथे आले, ते निवडून तिथे येत नाहीत. पण तो रकाना तोच आहे.

या कालव्यांवरही एकेकाळी अशीच बिऱ्हाडे होती. रेल्वे आली, वाहतुकीचे दर पडले, आणि नावाड्यांना काठावरचे घर परवडेना, तेव्हा बायका-मुलेही बोटीवर आली. मालाला जास्तीत जास्त जागा हवी, म्हणून कुटुंबाच्या वाट्याला मागची जेमतेम 10 फुटांची खोली येई. त्यात शेगडी, भिंतीत मिटणारे अंथरूण आणि चार-पाच मुले. त्या खोलीत किती माणसांनी राहावे यावर बंधन घालणारा कायदा 1877 मध्ये झाला. संग्रहालयात जपलेल्या अशा खोल्यांत गुलाबांची आणि किल्ल्यांची चित्रे काढलेली पितळी कड्यांची दारे पाहून लोक हरखतात. मी ती पाहते तेव्हा माझी नजर त्या शेगडीकडे जाते आणि तिच्यासमोर उभी असलेली बाई हिवाळ्यात कपडे कुठे वाळवत असेल, हा प्रश्न पडतो. कारण तो माझाही प्रश्न आहे.

हिवाळा हीच खरी परीक्षा. डिसेंबरात दुपारी चारला अंधारून येते. छपरावरच्या सौर पट्ट्या उन्हाळ्यात फ्रिज, दिवे, लॅपटॉप सगळे विनातक्रार चालवतात. डिसेंबरात त्यांच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. मग बॅटऱ्या भरायला रोज दीड-दोन तास इंजिन चालवावे लागते, आणि तेही रात्री 8 ते सकाळी 8 ही वेळ सोडून, कारण शेजारच्या बोटीतल्या माणसाला झोप हवी. नोकरीवरून सातला परतल्यावर उरतो एक तास. अशा संध्याकाळी मी कामावरून येताना मनात विजेची बेरीज-वजाबाकी करत येते: आज दिवा एकच, फ्रिज बंद, दूध बाहेर डेकवर.

सकाळी डोळे उघडण्याआधी नाकाला कळते की शेगडी जिवंत आहे की विझली. रात्री झोपताना तिच्यात कोळशाच्या विटा भरून हवेची झडप जवळजवळ मिटवायची असते. किती मिटवायची हे शिकायला मला दोन हिवाळे लागले. एक चतुर्थांश फेरा जास्त मिटली की पहाटे चारला निखारा मरतो, कमी मिटली की मध्यरात्रीपर्यंत बोटीत भट्टी पेटते आणि पहाटे राख उरते. जमले असेल त्या दिवशी गुडघ्यावर बसून दार उघडते, राखेची जाळी हळूच हलवते, आणि करड्या थराखालून लाल डोळा दिसतो. त्यावर दोन बारीक ढलप्या, झडप पूर्ण उघडी, आणि पाच मिनिटांत लोखंड टिकटिक करत तापू लागते. त्याच तव्यासारख्या माथ्यावर मी भाकरी भाजते. दही लावायचे तर त्याच शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवावे लागते. जवळ गेले तर फाटते, लांब गेले तर लागतच नाही. छतावर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा आहे, जो 2019 पासून बोटींना सक्तीचा झाला, आणि त्याची बॅटरी तपासल्याशिवाय मी झोपत नाही. ऊब देणारी वस्तू झोपेत माणूस मारू शकते, हे बोटीवर कुणी विसरत नाही.

स्वयंपाकाचे सिलिंडर लाल आहे, 13 किलोचे, आत प्रोपेन. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास बाटलीत नुसते पडून राहते, त्याचा वायूच होत नाही. हे पुस्तकात वाचलेले रसायनशास्त्र पहिल्या थंडीत चुलीपाशी कळले. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी खिडक्यांवर पाणी धरते, फोडणीची वाफ लाकडी भिंतीवर जाऊन बसते, आणि गादी उचलून पाहिली नाही तर खालून बुरशी येते. म्हणून दोन अंश तापमानातही खिडकी बोटभर उघडी ठेवायची. आधी कोळसा जाळून ऊब करायची आणि मग तीच खिडकीतून सोडून द्यायची, हे माझ्या सासूबाईंना आजही पटलेले नाही.

एका जानेवारीत आम्ही नऊ दिवस बर्फात अडकलो. कालवा काठापासून काठापर्यंत गोठला. रात्री बोट कूस बदलल्यासारखी हलली की बर्फाला तडा जाई आणि तो आवाज तारेसारखा लांबवर धावत जाई. बर्फ फोडत बोट चालवता येते, पण त्याच्या कडा पत्र्यावरचा डांबराचा लेप खरवडतात आणि दुसऱ्यांच्या बोटींवर आदळतात, म्हणून शहाणा माणूस थांबतो. पाणी भरण्याचा नळही गोठला होता. आम्ही भांडी एकाच तपेलीत धुतली आणि अंघोळीऐवजी ओल्या पंचाने अंग पुसले. 1962-63 च्या हिवाळ्यात इथल्या मालवाहू बोटी अशाच आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या होत्या. तोवर आधीच खालावलेला त्यांचा धंदा रस्त्यांवर गेला आणि पुष्कळसा परत आलाच नाही. नऊ दिवसांनी सुटका झाल्यावर मला त्या माणसांची आठवण आली. माझी नोकरी बोटीबाहेर होती, त्यांचे सगळे बोटीतच होते.

आता मैल्याबद्दल लिहायला हवे, कारण बोटीचे गोडवे गाणारे लोक नेमके तेच गाळतात. आमच्या शौचालयाखाली सुटी होणारी एक बंद पेटी असते. ती दोन-तीन दिवसांत भरते, आणि मग ती उचलून ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची, धुवायची, पुन्हा बसवायची. पहिल्यांदा मी ती घेऊन काठाने चालले तेव्हा कुणी पाहू नये म्हणून ओढणीने झाकली होती. त्या लाजेची मला नंतर फार लाज वाटली. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले, हे मी शाळेत असताना वाचले होते आणि चांगले गुण मिळवून विसरले होते. ज्या समाजात आपला मैला दुसऱ्याने वाहायचा आणि वर त्यालाच अस्पृश्य म्हणायचे अशी रीत शतकानुशतके चालली, त्या समाजातून मी आले आहे. वीस किलोंची ती पेटी माझ्या हाताला जड लागते, आणि ती जड लागलीच पाहिजे असे माझे मत आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही बोट जवळजवळ बुडवली होती. लॉकच्या वरच्या दाराखाली दगडाचा एक उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. बोट खाली उतरत असते तेव्हा तो उंबरठा पाण्याखाली दडलेला असतो. तो कुठवर आला आहे हे सांगणारी पांढरी रेघ भिंतीवर रंगवलेली असते आणि बोटीची शेपटी त्या रेघेच्या पुढे ठेवायची असते. ग्रँड युनियनवरचे लॉक दोन बोटी शेजारी-शेजारी मावतील एवढे रुंद, त्यामुळे एकटी बोट त्यात मागे-पुढे फिरते. मी सुकाणूपाशी होते, नवरा पुढच्या दाराशी विंडलास घेऊन, म्हणजे झडपा वर-खाली करायचे ते काटकोनी हँडल घेऊन उभा होता. पावसाची सर आली, मी रेनकोटाची टोपी ओढायला दोन्ही हात वर केले, आणि तेवढ्यात बोट मागे सरकली. आधी तळाला खरखर झाली. मग मला जाणवले की पाणी उतरते आहे आणि मी मात्र उतरत नाही. पुढचे टोक खाली चालले होते, आतून कपाट उघडल्याचा आणि भांडी गडगडल्याचा आवाज आला. अशा वेळी बोट दोन-चार मिनिटांत तळाला जाऊ शकते. माझ्या तोंडून मराठीत "बंद कर!" एवढेच निघाले. त्याने आधी खालच्या झडपा पाडल्या, मग धावत वर येऊन वरच्या झडपा थोड्या-थोड्या उघडल्या, आणि पाणी पुन्हा चढून आमची शेपटी दगडावरून अलगद सुटली. शेजारच्या बोटीवरची एक म्हातारी बाई तोवर धावत आली होती. तिने काही विचारले नाही. आमची दोर धरून ती तशीच भर पावसात आम्ही खाली उतरेपर्यंत उभी राहिली, आणि मग चहाची किटली घेऊन आली. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून लॉकमध्ये मी सुकाणू सोडत नाही आणि रेघेवरची नजर हलवत नाही, मग पाऊस असो की गारा.

आबा तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आले. जून म्हणजे या जगण्याचा सर्वांत श्रीमंत महिना. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, काठावर पिवळी आयरिसची फुले, खिडकीच्या उंचीवरून निळी रेघ ओढत जाणारा खंड्या, आणि बदकांची पिल्ले पोळीचे तुकडे मागायला पत्र्यावर टकटक करणारी. पहिले दोन दिवस ते बोटीत वाकून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही स्टोक ब्रुअर्नचे सात लॉक चढलो, आणि त्यांनी कुणाला न विचारता माझ्या हातातून विंडलास घेतले.

पहिल्या लॉकवर त्यांनी फक्त पाहिले. दुसऱ्यावर झडप उघडून ते भिंतीच्या कडेला उकिडवे बसले आणि पाणी ऐकू लागले. हौद भरत आला की दाराच्या दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीला येते, आणि मगच दार हलते. त्याआधी दहा माणसांनी जोर लावला तरी ते हलत नाही. आम्ही ते डोळ्यांनी पाहून ठरवतो. आबा खाली मान घालून बसले होते आणि आवाज मऊ पडल्याबरोबर उठून दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून उभे राहिले. दार सुटले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते ते मी उसाच्या बांधावर पाहिलेले होते.

"हे पाणी कुणाच्या पाळीचं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले की पाळी कुणाचीच नाही. जो आधी येईल तो लॉक भरून घेतो. एका खेपेला सव्वादोन-अडीच लाख लिटर पाणी वरून खाली जाते.

"आन् ते भिजवतं काय?"

"काही नाही, आबा. बोट चढते फक्त."

ते गप्प झाले. पुढचे पाच लॉक त्यांनी एकही झडप गरजेपेक्षा क्षणभर जास्त उघडी राहू दिली नाही, आणि समोरून बोट येताना दिसली तेव्हा आम्ही निघून गेल्यावर भरलेला हौद तिच्या उपयोगी पडावा म्हणून दारे तशीच उघडी ठेवायला लावली. इथल्या शहाण्या बोटवाल्यांची रीत हीच आहे. ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. या कालव्यालाही डोंगरमाथ्यावर तलाव बांधून पाणी पुरवावे लागते, आणि उन्हाळा कोरडा गेला की लॉकना कुलपे लागतात, हे मी त्यांना त्या रात्री सांगितले. तेव्हा कुठे त्यांना हा कालवा खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्लिसवर्थच्या बोगद्यात शिरलो. 1805 मध्ये पुरा झालेला हा बोगदा 2,813 मीटर लांब आहे. आत वाट नाही. घोडा टेकडीवरून नेत आणि माणसे बोटीवर आडवी होऊन भिंतीला पाय लावून ती ढकलत नेत. वरून थंड पाणी ठिबकत होते. दुसरे टोक टाचणीच्या डोक्याएवढे होते आणि बराच वेळ तेवढेच राहिले. आबा पुढच्या डेकवर एकटे बसले होते. मध्येच त्यांनी हात लांब करून ओली वीट चाचपली आणि मोठ्याने म्हणाले, "किती मान्सं लागली असतील गं." पुढे मागून कुणी काही बोलले नाही.

मला लोक विचारतात की अजून किती वर्षे. माझा गुडघा लॉकची शिडी चढताना दुखू लागला आहे, आणि मागच्या फेब्रुवारीत प्रोपेलरला अडकलेली दोरी काढण्यासाठी कोपरापर्यंत गोठलेल्या पाण्यात हात घालून बसले असताना मला घर हवे होते, नळ हवा होता, सगळे हवे होते. एप्रिलमध्ये मी ते कुणाला बोलून दाखवले नाही. या दोन्ही महिन्यांतल्या माझ्यावर माझा विश्वास आहे, म्हणून मी काही ठरवत नाही.

आबा आता बहात्तरचे आहेत, आणि दारे धरायला माझा भाऊ जातो. दर रविवारी त्यांचा फोन येतो. हवा कशी, नोकरी कशी हे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो. आज सकाळीही त्यांनी विचारले, "टाकीत पाणी किती?" मी फोन कानाला लावूनच डेकवर गेले, झाकण उघडले, पट्टी आत घातली आणि बाहेर काढून उजेडात धरली.

"निम्म्याच्या खाली," मी म्हटले. "आणि नळ दोन लॉक पुढे आहे."

"मग आजच हल," ते म्हणाले. "उद्या पाऊस असंल."